बाकी

शायराच्या मनात नसलेला अर्थ वाचकाला शेरात सापडला, तर तो खरा मानायचा की नाही? मुशायऱ्यांना जाणाऱ्या मंडळींत हा वाद नेहमीचा आहे आणि तो बहुधा गालिबवर येऊन पोहोचतो. त्यात नवल नाही. मिर्झा गालिब (१७९७-१८६९) हयात असतानाच लोक तक्रार करीत की यांचे शेर कळत नाहीत. हकीम आगाजान ऐश नावाच्या शायराने तर भर मुशायऱ्यात टोमणा मारला होता, असे सांगतात, की मिर्झांचे म्हणणे एक तर ते स्वतः समजत असतील किंवा खुदा समजत असेल.

गालिबचा उर्दू दिवान १८४१ मध्ये पहिल्यांदा छापला गेला. त्याच्या अगदी पहिल्याच शेरात कागदी पोशाखाचा उल्लेख आहे. अब्दुर्रज्जाक शाकिर यांनी अर्थ विचारला, तेव्हा गालिबने पत्रातून तो सांगितला. सांगण्याआधी, माझ्या बिनअर्थाच्या शेरांचा अर्थ ऐका, अशी स्वतःचीच थट्टाही केली. इराणात दाद मागणारा फिर्यादी कागदाचे कपडे घालून हाकिमापुढे उभा राहतो, चित्रही कागदावरच असते, म्हणून प्रत्येक चित्र जणू आपल्या असण्याचीच फिर्याद घेऊन उभे आहे, असा तो खुलासा. शायरानेच सांगितल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिकवणारे नज्म तबातबाई यांनी १९०० मध्ये दिवानाची शरह लिहिली. त्यांनी म्हटले, असा रिवाज आम्ही ना पाहिला ना ऐकला, आणि गालिब सांगतात तो अर्थ शेराच्या शब्दांतून निघत नाही. म्हणजे खुद्द शायराची साक्षही त्यांनी पुरेशी मानली नाही. (पुढे जाणकारांनी जुन्या फारसी शायरीतून कागदी पोशाखाचे दाखले काढून दाखवले, ती गोष्ट वेगळी.)

गालिबचे शागिर्द हाली यांची रीत मला जास्त आवडते. त्यांच्या ‘यादगार-ए-गालिब’ (१८९७) या पुस्तकात एका साध्या दिसणाऱ्या शेराची चर्चा आहे. उजाड रान पाहिले आणि घर आठवले, एवढेच त्यात म्हटले आहे. हाली सांगतात, पहिल्या वाचनात अर्थ असा की रान इतके भयाण होते की जीव घाबरला आणि घरची आठवण झाली. जरा थांबून वाचले तर दुसरा अर्थ दिसतो : आपले घरही असेच उजाड आहे, म्हणून रान पाहून ते आठवले. दोन्ही अर्थ त्याच शब्दांत बसतात, एकाला दुसऱ्याची अडचण होत नाही. हे मी एकदा शाळेत नववीच्या वर्गाला मराठी कविता शिकवताना सांगितले. एका मुलीने लगेच विचारले, “मॅडम, मग परीक्षेत कुठला लिहायचा?” तिचाही प्रश्न बरोबरच होता.

हा विषय माझ्या डोक्यात वर्षभर घोळतो आहे, त्याचे कारण घरचे आहे.

माझे अब्बा एसटीत कंडक्टर होते. परभणी डेपो. १९६९ मध्ये लागले, २००१ मध्ये निवृत्त झाले. बहुतेक नोकरी परभणी-वसमत-नांदेड याच रस्त्यावर गेली. ते उर्दूत शेर लिहीत. मोठे शायर नव्हते, त्यांचा तसा दावाही नव्हता. आसपासच्या मुशायऱ्यांत त्यांना बोलावणे येई, औरंगाबादच्या एका उर्दू दैनिकाच्या रविवारच्या पानावर अधूनमधून गझल छापून येई. शेर बहुधा ड्युटीवर सुचायचे. वेबिलाच्या जुन्या कागदामागे लिहून ठेवायचे आणि घरी आल्यावर वहीत उतरवायचे. वहीत शेराखाली तारीख आणि कधीकधी एखादी ओळ असे, तो शेर कुठे सुचला, कशामुळे सुचला याची. २०१९ मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले. धाकट्या भावाने आणि मी ठरवले की त्यांच्या निवडक गझलांचे एक लहानसे पुस्तक काढायचे.

त्या गझलांमधला एकच शेर लोकांना पाठ आहे. तो मी इथे देत नाही, पुस्तकात येणारच आहे, आणि मराठीत त्याचा अनुवाद करायला गेले की हातात काही उरत नाही. आशय सांगते. पहिल्या ओळीत कुणीतरी उतरून निघून गेला आहे. दुसऱ्या ओळीत बोलणारा म्हणतो, तुझी बाकी माझ्याकडे आहे, आता मी ती कुठे देऊ?

या शेराची हकिगत वहीत लिहिलेली आहे. ऑगस्ट १९७८. नांदेडहून येणारी संध्याकाळची गाडी. वसमतला एक म्हातारे गृहस्थ पोते घेऊन चढले. त्यांनी दिलेल्या नोटेचे सुटे अब्बांकडे नव्हते, म्हणून कंडक्टर करतात तसे त्यांनी तिकिटाच्या मागे आकडा लिहून दिला : एक रुपया वीस पैसे. उतरताना बाकी घ्या, म्हणून सांगितले. झिरो फाट्यावर गर्दी उतरली, पोते उतरवायच्या गडबडीत म्हातारा विसरला, अब्बाही विसरले. डबल बेल दिली, गाडी निघाली. परभणीत हिशेब जुळवताना एक रुपया वीस पैसे जास्त निघाले.

कंडक्टरजवळ पैसे कमी भरले तर पदरचे घालावे लागतात, हे सगळ्यांना माहीत असते. जास्त निघाले तरी प्रश्न असतोच. कुणाचे, कुठून आले, याचा जाब द्यावा लागतो. पण अब्बांना तो जाब वेगळ्या ठिकाणी द्यावा लागणार असे वाटत होते. पुढचे कितीतरी दिवस झिरो फाटा आला की ते खिडकीतून वाकून त्या म्हाताऱ्याला शोधत. तो काही दिसला नाही. शेवटी त्या गृहस्थाच्या नावाने, नाव तर माहीत नव्हते, पण त्याच्यातर्फे म्हणून त्यांनी ते पैसे खैरात केले. त्या पहिल्याच रात्री हा शेर लिहिला होता. शेराखाली वहीत लिहिले आहे : झिरो फाटा, १ रु. २० पै.

एवढीच गोष्ट. शायराची नियत म्हणाल तर एका म्हाताऱ्याचे सुटे पैसे.

पाच-सहा वर्षांनी ही गझल छापून आली आणि लोकांनी तिचे काय काय केले! नांदेडच्या एका मुशायऱ्यात निजामतीला असलेल्या उर्दूच्या निवृत्त प्राध्यापकांनी हा शेर तसव्वुफचा असल्याचे जाहीर केले. उतरून गेलेला मुसाफिर म्हणजे रूह, गाडी म्हणजे दुनिया, आणि ‘बाकी’ हा शब्द ‘फानी’च्या उलट, म्हणजे जे कधी नाहीसे होत नाही ते. पुढे त्यांनी दोन पानांचा लेखही लिहिला. अब्बांनी तो आम्हाला वाचून दाखवला आणि हसून म्हणाले, “माझा झिरो फाटा यांनी कुठल्या कुठे नेला!” मात्र लेख फाडला नाही, वहीत घडी करून ठेवला. मला आठवते, त्या रात्री ते बराच वेळ ‘बाकी’ हा शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत बसले होते, जणू आपण बाजारातून आणलेल्या पिशवीत भलतेच काहीतरी निघाले आहे.

त्या शब्दात ते होतेच, हे माझे मत. अल्-बाकी हे अल्लाहच्या नव्याण्णव नावांपैकी एक आहे. तोच शब्द आपण वाण्याच्या उधारीला वापरतो. मी मराठीची शिक्षिका, मला तर या शब्दाची मजा जास्तच वाटते. मराठीने तो घेतला आणि वजाबाकी केली, थकबाकी केली, जमाबंदीच्या कागदांत बसवला. दोन माणसे भेटली आणि बोलणे संपत आले की आपण विचारतो, “बाकी काय?” कंडक्टरच्या तोंडी तो सुट्या पैशांपुरता असतो. पण शब्द काही एकट्या कंडक्टरचा नसतो. अब्बांनी तो सुट्या पैशांसाठी उचलला, आणि त्याला आधीच चिकटलेले सगळे शेरात आले. त्यांनी ते बोलावले नव्हते, पण दारही बंद केले नव्हते.

शम्सुर्रहमान फारुकी यांनी आयुष्यभर हेच समजावून सांगितले. टपाल खात्यात मोठे अधिकारी होते, आणि मीर-गालिबवर त्यांच्याइतके बारकाईने लिहिणारा आपल्या काळात दुसरा झाला नाही. ‘तफहीम-ए-गालिब’मध्ये (१९८९) ते एकेका शेराचे पाच-पाच अर्थ मांडतात आणि प्रत्येक वेळी शब्दाचा पुरावा देतात. शायराला हे सगळे सुचले होते का, हा प्रश्न त्यांना फारसा महत्त्वाचा वाटत नाही. शब्द तो अर्थ पेलतो का, एवढे ते पाहतात. मराठी वाचकांपर्यंत गालिब आणणारे आमच्या मराठवाड्याचेच, निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी. त्यांच्यामुळे उर्दू लिपी न येणाऱ्या घरांतही गालिबवर वाद होऊ लागले, हे काय थोडे आहे?

शब्द पेलतो का, ही अट मात्र हवीच, नाहीतर काहीही म्हणता येईल. याचाही अनुभव या शेराने दिला. एका कार्यक्रमात एक तरुण उठला आणि म्हणाला, उतरणे म्हणजे नुजूल, म्हणून हा शेर कुरआनच्या अवतरणाबद्दल आहे. टाळ्या पडल्या. अब्बा लगेच उभे राहिले, “तौबा करा, मियाँ” म्हणाले आणि तिथल्या तिथे त्याला थांबवले. आपल्या शेराबद्दल कुणाला त्यांनी अडवले ते तेवढेच एकदा. घरी आल्यावर म्हणाले, पहिली ओळ धरायची आणि दुसरी सोडून द्यायची, असे चालत नाही. जो उतरला त्याची बाकी माझ्याकडे राहिली आहे असे पुढे म्हटले आहे, ते तिथे कसे लावणार? अर्थ लावायचा तर पूर्ण शेराला लावा. शिवाय अल्लाहच्या कलामाच्या बाबतीत मनाला येईल तसा अर्थ लावायचा नसतो, तिथे इल्म लागतो. माणसाच्या कलामाला ती बंधने नाहीत, पण म्हणून माणसाचा कलाम उचलून तिथे नेऊन ठेवायचा नाही.

आता तो पोस्टकार्डाचा किस्सा. हा सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

१९८५ च्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून अब्बांना एक कार्ड आले. लिहिणारा शेतकरी, उर्दू अक्षर कच्चे. वर्तमानपत्रात शेर वाचला म्हणून लिहिले होते. त्याच्या वडिलांच्या जमिनीत बहिणीचा शरियतप्रमाणे हिस्सा होता. त्याने तो दिला नव्हता. बहिणीने कधी मागितला नाही. बहिणी मागत नाहीत, भावाचे घर तुटेल म्हणून माहेर राखतात, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. ती आदल्या वर्षी वारली होती. कार्डात लिहिले होते की शेर वाचल्यापासून झोप लागत नाही, बहीण उतरून गेली आणि तिची बाकी माझ्याकडे राहिली, आता तिच्या मुलांच्या नावे दोन एकर करून दिली आहे, सातबारावर नाव चढायचे आहे, माझ्यासाठी दुआ करा.

अब्बांनी उलट कार्ड पाठवले. त्यात सलाम, दुआ आणि अल्लाह कबूल करो, एवढेच होते. झिरो फाट्याचे काही लिहिले नाही. माझा भाऊ तेव्हा शाळेत होता, त्याने विचारले, “अब्बा, त्यांना खरं का नाही सांगितलं?” अब्बा म्हणाले, “खरंच आहे ना ते. माझ्याकडे दुसऱ्याचे एक रुपया वीस पैसे होते, त्याच्याकडे दोन एकर. हिशेब एकाच जातीचा आहे.”

अर्थ शोधणारा वाचक नेहमी शायराहून लहानच असतो असे मानणाऱ्यांनी या शेतकऱ्याचा विचार करावा. शायराने खैरात करून आपल्यापुरता विषय संपवला होता. वाचकाने त्यातून जमिनीचा हिस्सा मोकळा केला.

वाचक आपल्या गरजेने वाचतो, ही गोष्ट जुनीच आहे. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात हाफिजच्या दिवानाची एक हस्तलिखित प्रत आहे, तिच्या समासात हुमायून आणि जहांगीर यांनी स्वतःच्या हाताने नोंदी केल्या आहेत. दिवान उघडायचा, जो शेर निघेल तो आपल्या अडचणीला लावायचा आणि काय घडले ते समासात लिहायचे. बापाशी बिनसल्यावर जहांगीर अलाहाबादेत होता, तेव्हा परत जावे की न जावे हे त्याने हाफिजलाच विचारले. हाफिज शिराजचा, चौदाव्या शतकातला. मुघल बापलेकांच्या भांडणाशी त्याचा काय संबंध? फाल काढणे मला स्वतःला पसंत नाही, उलेमाही त्याला पसंती देत नाहीत. पण त्या समासातल्या नोंदी ही वाचकाची वही आहे, आणि आमच्या घरातल्या वहीइतकीच खरी आहे.

आता आमच्या पुस्तकाकडे येते. भाऊ बँकेत आहे, हिशेबाचा पक्का. वही हातात आल्यावर तो म्हणाला, “आपा, या शेराखाली अब्बांनी लिहिलेली टीप छापलीच पाहिजे. लोक काहीही अर्थ काढतात, निदान खरं काय ते कळू दे.” मी नको म्हटले. त्याने बुखारी शरीफमधली अगदी पहिली हदीस काढली, कर्माचे मोल नियतीवर ठरते या अर्थाची. अब्बांची नियत वहीत लिहिलेली आहे, ती लपवणारे आपण कोण? मी म्हटले, नियतीचा हिशेब अब्बांचा आणि अल्लाहचा. अब्बांना अज्र त्यांच्या नियतीप्रमाणे मिळेल. पण वाचकाला शेरातून काय मिळावे हे त्याने कसे ठरते? विहीर खोदणाऱ्याने आपल्या बैलांसाठी खोदली म्हणून वाटसरूने पाणी प्यायचे नाही, असे तर नाही ना? दोन महिने आमचा हा वाद चालला. फोनवर जास्त, कारण तो पुण्यात असतो.

माझे नको म्हणण्याचे खरे कारण अम्मी होती, हे भावालाही माहीत होते. आमच्या दोघांच्या आधी अम्मीला एक मुलगा झाला होता. अकरा महिन्यांचा होऊन १९७४ मध्ये गेला. त्याच्याबद्दल घरात फारसे बोलले जात नसे. त्याचे दोन झबले ट्रंकेत तळाशी होते, ते आम्ही लहानपणी पाहिलेले. अब्बांची ही गझल कुणी म्हणू लागले की त्या शेराला अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर यायची, दाराशी उभी राहून ऐकायची आणि परत आत जायची. एकदा माझ्या खालाला ती म्हणाली, “यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण शेर त्याचाच आहे. त्याला द्यायचं सगळं माझ्याकडे राहिलं.” मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते, दाराआड. अब्बाही ऐकत होते. ते काही बोलले नाहीत.

ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या हातातून ते काढून घ्यायचे आणि तिथे एक रुपया वीस पैसे ठेवायचे, हे मला जमणार नव्हते. भावाचे म्हणणे असे की अम्मीला कळणारही नाही, मोतीबिंदूमुळे तिला आता छापलेले वाचता येत नाही. हे तर मला त्याहून वाईट वाटले.

गेल्या रमजानआधी छापखान्यातून प्रुफे आली. भावाने टीप घालूनच पाठवली होती, अंतिम निर्णय माझ्यावर सोडून. अम्मीने हट्ट धरला की मला सगळे वाचून दाखव, तुझ्या अब्बांचे पुस्तक आहे. रोज असरनंतर दोन-तीन गझला वाचायचो. त्या पानावर आल्यावर मी शेर वाचला आणि पुढच्या शेरावर जाऊ लागले. अम्मी म्हणाली, “खाली काही लिहिलंय का?” माझा आवाज कसा झाला असेल कोण जाणे. मी टीप वाचली. झिरो फाटा, म्हातारा, पोते, सगळे.

अम्मी म्हणाली, “हो, मला माहीत आहे. त्या रात्री जेवलेच नाहीत. ताटावर बसून म्हाताऱ्याचंच सांगत होते.”

मी विचारले, “मग तू तर म्हणायचीस, शेर भाईजानचा आहे म्हणून.”

“आहेच,” ती म्हणाली. “लिहिला म्हाताऱ्यावर. माझ्यासाठी त्याचा आहे.” मग थोडे थांबून, “पण तुम्ही आकडा चुकवलात. एक रुपया वीस नव्हते, एक तीस होते. वरचे दहा पैसे मी डाळीच्या डब्यातले दिले होते, खैरातीत कमी पडू नयेत म्हणून.”

म्हणजे वहीतला आकडा बरोबर होता, आणि अम्मीचाही. भावाला फोन केला, तो बराच वेळ गप्प राहिला. मग विचारले, “टीप ठेवायची ना?” मी ठेव म्हटले. पुस्तक ईदनंतर छापून आले. टिपेत १ रु. २० पै. असेच आहे. दहा पैशांची बेरीज कुठे दाखवायची हे आम्हाला दोघांनाही ठरवता आले नाही, म्हणून अम्मीच्या प्रतीत ती भावाने पेनने लिहून दिली आहे.